आप्पांच्या नावावर भाग एकेचाळीस

दुपारी दोन वाजून बावन्न मिनिटांनी बोर्डावर नोंद पडली: ‘आप्पांनी भाग एकेचाळीस पाहिला.’ खाली पाचपैकी चार तारे आणि तीन ओळींचा शेरा. त्या वेळी आप्पा माझ्यापासून दोन हातांवर बसलेले होते. दुष्काळी माण तालुक्यातलं आमचं गाव, चुलत आजोबांच्या घरापुढचं अंगण, वर ताडपत्री, खाली सतरंजी. आजोबा नव्वदी ओलांडून गेले होते. सुतकाचा सहावा दिवस होता. भाऊकीतल्या झाडून सगळ्या घरांचे टीव्ही बंद होते आणि ते आप्पांनीच बंद करवले होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, नंतर साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर बारा वर्षं होते. आता ते आणि आई साताऱ्यातल्या आमच्या घरात खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही वर. गाव सुटून बरीच वर्षं झाली, तरी भाऊकीत कुणी गेलं की पुढच्या तेरा दिवसांची व्यवस्था त्यांच्याकडे असते.

या तेरा दिवसांत भाऊकीत टीव्ही लागत नाही. पडद्यावर टॉवेल टाकतात. हा रिवाज आमच्या भागात पुष्कळ घरांत आहे. आप्पांनी त्यात स्वतःची एक भर घातली होती. मयताच्या दुसऱ्या दिवशी ते कापडी पिशवी घेऊन घरोघर जात आणि रिमोट जमा करत. लष्करात रायफली ज्या खोलीत जमा करतात तिला कोत म्हणतात. आप्पा पिशवीलाही कोतच म्हणत. रायफलीच्या दस्त्यावर नंबर असतो, तसा प्रत्येक रिमोटच्या पाठीवर त्यांनी पांढरी पट्टी चिकटवून नंबर टाकला होता. कुठला नंबर कुठल्या घरचा, ते त्यांच्या डायरीत. तेराव्याचं गोड जेवण झालं की ज्याचा रिमोट त्याला परत. मुंबईला नोकरीत असलेल्यांचे रिमोट जमा करता येत नसत. त्यांच्याकडून फोनवर शब्द घेतला जाई.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका सुतकात क्रिकेटचा अंतिम सामना आला. आप्पांचे चुलतभाऊ, माझे काका, आटपाडीला डाळिंबाची बाग करतात. त्यांनी घरात रिमोट नसल्याचं सांगितलं आणि मागच्या खोलीत सामना लावला. आप्पा दुपारच्या एसटीने आटपाडीला गेले, थेट मागच्या खोलीत शिरले आणि त्यांनी हात पुढे केला.

“आवं आप्पा, बारा चेंडू राह्यल्यात. एवढं बारा बघू द्या.”

“गेलेल्याला किती राह्यल्यात?” आप्पांनी विचारलं.

काकांनी रिमोट दिला. सामन्याचा निकाल त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरात वाचावा लागला. ही गोष्ट भाऊकीत पुढे प्रत्येक लग्नात सांगितली गेली, काकांच्या समोरच. आप्पांच्या शब्दाला गावात जी किंमत होती ती एवढ्याच गोष्टीवर उभी होती की ते दुसऱ्याला जे पाळायला लावतात ते स्वतः आधी पाळतात. दोन वाजून बावन्न मिनिटांनी नेमकी तीच गोष्ट धोक्यात आली.

बोर्ड म्हणजे एक ॲप. माझी बहीण सांगलीला असते. तिने ते सगळ्यांच्या फोनवर आणि आप्पांच्या टॅबवर घातलं. आपण कोणती मालिका, कोणता सिनेमा पाहतो आहोत ते या ॲपवर आपल्या माणसांना दिसतं. भाग संपला की नोंद आपोआप पडते. मग ॲप विचारतं, कसा वाटला? तारे द्यायचे, वाटलं तर चार शब्द लिहायचे. आमच्या गटात नऊजण होते: साताऱ्याचे आम्ही, सांगलीची बहीण आणि मेहुणे, आटपाडीचे काका आणि त्यांची सून, मुंबईचे दोन चुलतभाऊ. आप्पांनी पहिल्याच दिवशी त्याला नोटीस बोर्ड म्हटलं, पुढे नुसतं बोर्ड राहिलं. ताऱ्यांना ते तारे म्हणत नसत. तारे साहेबांच्या खांद्यावर असतात, हवालदाराला फीत, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्याकडे सिनेमाला तीन फिती, चार फिती मिळत.

बोर्डावर सगळ्यात जास्त वाचले जात ते आप्पांचे शेरे. बाकीच्यांचं लिहिणं ‘मस्त’, ‘बोअर’, ‘शेवट गंडला’ इथवर. आप्पांचा शेरा आला की मुंबईचे चुलतभाऊ तो कचेरीत वाचून दाखवत. एका प्रेमकथेवरचा शेरा असा होता: ‘पाऊस पडला की दोघं भेटत्यात. आमच्या माणात असती तर ओळख व्हायला दहा वर्षं लागली असती.’ एका कौटुंबिक मालिकेवर: ‘घर मोठं, माणसं बारा. सैपाक रोज व्हतो, पर चूल एकदा बी दाखवली न्हाई.’ सैनिकांवरच्या एका सिनेमावर: ‘पत्र आलं की जवानाची बायको पळत सुटती. आधी हात पुसायचं असत्यात.’

मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक आहे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. आप्पा घरात दिवसाला पन्नास शब्दही बोलत नाहीत, हे मला माहीत होतं. तरीही शेऱ्यांबद्दल शंका आली नाही. चुलीचा शेरा वाचून वाटलं, लष्कराच्या लंगरवर, म्हणजे भटारखान्यात, ड्यूटी केलेला माणूस आहे, त्याला बारा माणसांचा स्वयंपाक म्हणजे काय ते कळतं. आमच्या रविवारच्या पुरवणीत मनोरंजनाचं अर्धं पान असतं. तिथे जागा उरली म्हणून यातले तीन शेरे मी छापलेही. वर ओळ दिली होती: ‘एका माजी हवालदाराच्या नजरेतून.’

आजोबा गेले त्या दिवशी आप्पांनी बोर्डावरही सुतक लावलं. बहिणीकडून तसा निरोप टाकून घेतला: तेरा दिवस कुणी काही पाहणार नाही, नोंद टाकणार नाही. नऊही जणांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. पाच दिवस बोर्ड गप्प होता. सहाव्या दिवशी पहिली नोंद पडली ती खुद्द आप्पांच्या नावावर.

माझा फोन खिशात थरथरला. समोरच्या ओळीत बसलेल्या काकांचाही थरथरला असणार, कारण त्यांनी तो काढला, लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. तीन वर्षं थकलेलं येणं एकदम हाती यावं, तसा तो झाला होता. ते उठले आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत आप्पांपुढे येऊन बसले.

“आप्पा, तुमी हितं बसलाय न्हवं?”

“मग कुठं हाय?”

“न्हाई, आमाला वाटलं सातारला बसून वकीलबाईची मालिका बगताय. हितं तर तसं लिवलंय. लय मोठं योगी झालासा, एका टायमाला दोन ठिकाणी!”

शेजारचे चारपाच जण हसले. मयताच्या अंगणात हसू दाबावं लागतं, त्यामुळे ते जास्तच ऐकू येतं. आप्पांनी काकांचा फोन हातात घेतला, खिशातून चष्मा काढून लावला आणि शेरा शेवटपर्यंत वाचला. तो असा होता: ‘साक्षीदार खोटं बोलतोय हे त्याच्या बायकोला पयल्या दिवसापास्नं ठावं हाय. कोर्टानं गावभर चौकशी केली. तिला तेवढं इचारलं न्हाई.’

त्यांनी फोन परत दिला.

“दहाव्याला सांगतो,” ते म्हणाले.

“सांगाच,” काका म्हणाले. “समद्यांच्या म्होरं सांगा. बारा चेंडू आमी इसरलो न्हाई.”

आप्पांच्या खिशात होता तो फोन फक्त बोलण्यापुरता. ॲप त्यांच्या टॅबवर होतं आणि टॅब साताऱ्याला घरी होता. आई तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर घरी परतली होती, कारण तिचा गुडघा सतरंजीवर बसू देत नव्हता. मला रात्रपाळी होती. साडेतीनच्या एसटीने मी साताऱ्याला निघालो आणि सहाच्या आत घरी पोहोचलो.

आई स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसली होती. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर टॉवेल होता, चारी टोकं सरळ.

“भाग एकेचाळीस कुणी पाहिला?” मी विचारलं.

“म्या.” शेंगा फोडायचं थांबलं नाही.

“सुतक आहे.”

“ठावं हाय. टावेल हललाय का बघ. आवाज कुणाच्या कानावर गेला का इचार. कानात घालून बगितला, भिताडाला बी ऐकू आलं न्हाई.”

“पण नोंद पडली ना.”

“कुणाच्या नावावर पडली?”

“आप्पांच्या.”

“आप्पा कुठं हायती?”

“गावी. सुतकात.”

“मग झालं तर. ज्याचं नाव हाय त्यानं बगितला न्हाई. जिनं बगितला तिचं नावच न्हाई. आता सुतक मोडलं कुणी, सांग.”

नंतर वकिली करणाऱ्या एका मित्राला हा मुद्दा ऐकवला, तर त्याने तो डायरीत उतरवून घेतला. आई हे गमतीने बोलत नव्हती. तिने सहा दिवस वाट पाहिली होती, विचार केला होता आणि यात कुणाचंच सुतक मोडत नाही, अशी स्वतःची खात्री करूनच टॅब हातात घेतला होता.

“निदान शेरा तरी लिहायचा नाहीस.”

“लिवणार न्हवते. पर त्यो साक्षीदार लय खोटं बोलला. मला सोसंना.”

मग मला काय ऐकलं ते कळलं. “शेरा तू लिहिलास?”

“मग कोण? समदे माझेच हायती.”

“सगळे म्हणजे?”

“समदे म्हंजे समदे. तुला काय वाटलं, तुझा बा एवढं बोलतो?”

तिने सांगितलेली हकीगत अशी. बहिणीने ॲप घातलं तेव्हा मोबाइल नंबर आप्पांचा होता, म्हणून खातं आप्पांच्या नावावर निघालं. पहिल्या सिनेमानंतर आप्पांनी पंधरा मिनिटं खपून टाइप केलं, ‘चांगला आहे.’ दुसऱ्या दिवशी आई सिनेमा पाहता पाहता बोलत होती. ती नेहमीच बोलते, पडद्याशी. आप्पांनी टॅबवरचं माइकचं चिन्ह दाबून टॅब तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, आता बोल. ती बोलली ते तसंच्या तसं उमटलं. पुढे तिची तीच दाबायला शिकली. रोज संध्याकाळी सातला जेवणं उरकून दोघं एक भाग पाहत. आप्पा फिती ठरवत, आई बोले. दोनशेच्या वर शेरे असे झाले.

“आणि सगळे आप्पांचं कौतुक करत होते तेव्हा?”

“मी म्हनलं, करू द्या. घरावर त्यांचं नाव, गॅसवर त्यांचं नाव, रेशनकार्डावर त्यांचं. त्यात ह्ये एक.” तिने टरफलं सुपात गोळा केली. “पर तू पेपरात छापलंस तवा जरा वाटलं. लेक पेपरात हाय, त्याला तरी वळखू येईल, असं वाटलं हुतं.”

त्या संध्याकाळी कचेरीत पानं लागेपर्यंत मी बोर्डावरचे जुने शेरे पहिल्यापासून वाचले. पत्र आल्यावर आधी हात पुसायचे असतात. आप्पांनी बावीस वर्षं पत्रं पाठवली. ती ज्या हातांत पडत ते हात दुसऱ्याच कुणाचे होते, आणि ते बहुधा पिठाचे होते. लेखकाची ओळख तपासल्याशिवाय मजकूर सोडायचा नाही, हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो.

सातव्या दिवशी सकाळी आप्पांना फोन केला आणि आईने सांगितलेलं सगळं सांगितलं. शेरे आईचे आहेत हे इतके दिवस का सांगितलं नाही, असं विचारलं.

“इचारलं कुणी?” ते म्हणाले.

मग मी त्यांना एक वाट सुचवली. ॲपमधून कधी कधी नोंदी उगीच पडतात, तशी ही पडली असं काकांना सांगता येईल. शेरा जुना होता, आत्ता उमटला असंही म्हणता येईल. कुणाला त्यातलं कळणार नाही.

“ॲपनं चूक केली का?”

“नाही.”

“मग तसा रिपोर्ट कसा द्यायचा?”

“आईचं नाव सांगणार का?”

ते म्हणाले, “तेच बगतोय.” आणि फोन ठेवला. त्यांची अडचण सरळ होती. खोटं बोलले तर स्वतःची किंमत स्वतःच्याच नजरेतून जाणार. खरं बोलले तर भाऊकीपुढे बायकोवर बोट ठेवल्यासारखं होणार.

आईला मी हे सांगितलं नाही, पण नवव्या दिवशी संध्याकाळी तिने पिशवी भरून ठेवली होती. “उद्या मी येणार हाय,” ती म्हणाली. “गुडघ्याला पट्टा बांदीन.” पिशवीत वर टॅब होता.

दहाव्याचे विधी ओढ्याच्या काठावर सकाळी झाले. पुरुष मंडळींनी केस उतरवले होते. आप्पांनी मिशीही उतरवली होती. ती उतरली की त्यांचा चेहरा एकदम साधा दिसतो. जेवणं झाल्यावर भाऊकी अंगणात बसली. दहाव्याला असंच बसायची पद्धत आहे. तेराव्याला कुणी काय आणायचं, आचारी कोण, मुंबईकर कधी निघणार, हे तेव्हा ठरतं. बायका ओसरीवर होत्या. आई खांबाला पाठ टेकून पाय लांब करून बसली होती.

आचाऱ्याचं ठरलं आणि काकांनी घसा साफ केला. “आप्पा, दहावा झाला.”

आप्पा उभे राहिले. एरवी अशा बैठकीत कुणी उभं राहत नाही.

“सहाव्या दिवशी बोर्डावर माझ्या नावानं नोंद पडली,” ते म्हणाले. “नोंद खरी हाय. भाग माझ्या घरात बगितला गेला. नियम मी लावला आन् माझ्या घरात मोडला.” मग पुढचं एका दमात म्हणाले. “दुसरं. बोर्डावरचं शेरं माझं न्हाईत. एक बी न्हाई. पेपरात आलं ते बी न्हाई. समदं हिचं हाय. मी नुसतं गप बसलो. हे कुणी इचारलं न्हवतं, पर रिपोर्ट पुरा द्यावा लागतो. म्हणून माझ्याकडं कोत ठेवू नका.”

त्यांनी पायाशी ठेवलेली रिमोटची पिशवी उचलली आणि काकांपुढे ठेवली.

काकांनी पिशवीकडे पाहिलं, तिला हात लावला नाही. त्यांना आप्पांची फजिती हवी होती. आप्पा असं सगळंच आणून पुढ्यात ठेवतील, याची तयारी त्यांची नव्हती.

“आवं, त्यांनी बगितलंच न्हाई तर त्यांनी कशापायी सोडायचं?” ओसरीवरून आईचा आवाज आला. “बगितला म्या. आन् माझं तर तिथं नावच न्हाई.” आणि तिने आपला मुद्दा पहिल्यापासून पुन्हा मांडला: ज्याचं नाव त्यानं पाहिलं नाही, जिनं पाहिलं तिचं नाव नाही. बायका पदराआड हसायला लागल्या. एकजण म्हणाली, “खरं हाय की गं.”

काका मात्र हसत नव्हते. ते वळून ओसरीकडे पाहत होते. “वैनी, थांबा. ते पावसाचं... दहा वर्षं ओळख व्हायला... ते तुमी लिवलं?”

“मग माणात कोण नांदलं? तुमी का मी?”

“आन् चुलीचं?”

“चुलीचं तरी तुमाला कळाय पायजे हुतं, भावजी. ह्यांनी कवा चूल बगितली?”

काकांनी कपाळावर हात मारला. “आयला! मी आप्पांना फोन करून शाबासकी दिली हुती. आन् ह्ये गडी म्हणालं, ‘बरं बरं.’ निसतं बरं बरं!”

तेव्हा दाबलेलं हसू फुटलं, आणि आप्पाही खाली बघून हसले. तरीही प्रश्न मिटला नव्हता. सुतक ज्या घरचं, त्या घराने अजून काही म्हटलं नव्हतं. आजोबांची थोरली सून, साठीची बाई, चुलीपाशी भांडी आवरत सगळं ऐकत होती. ती हात पुसत ओसरीवर आली.

“आक्का,” ती आईला म्हणाली, “त्या साक्षीदाराच्या बायकोला पुढं कोर्टात बोलावलं का?”

आई म्हणाली, “बेचाळिसाव्यात बोलावत्यात, वाटतंय. बगितला न्हाई अजून.”

“मामंजी बी बगत हुते. चाळीसपत्तुर बगितलं त्यांनी.” ती खांबाला टेकून उभी राहिली. “रोज इचारायचे, त्याच्या बायकोला बोलावलं का न्हाई अजून. तेराव्यानंतर बगू आपण दोघी. मला बी सांगा.”

त्यानंतर कुणाला काही विचारायचं उरलं नाही.

पिशवी मात्र काकांकडे गेली. आप्पांनी ती परत घ्यायला नकार दिला. दिलेली गोष्ट परत घेत नाहीत, एवढंच ते म्हणाले. काकांनीही मग ती मानाने घेतली, आटपाडीला नेली आणि तेराव्याला सकाळी घेऊन आले. गोड जेवण झालं, काका पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि एकेकाला रिमोट देऊ लागले. नंबर होते, यादी नव्हती. यादी आप्पांच्या डायरीत होती. आप्पांनी ती दिली नव्हती, कारण काकांनी ती मागितली नव्हती. तीन घरांत एकाच बनावटीचे टीव्ही आहेत, पाच घरांत एकच डिश. काकांनी रंगावरून आणि घासलेल्या बटणांवरून अंदाज बांधला. दुपारी सगळे रिमोट वाटून झाले.

पाचच्या सुमाराला पहिला माणूस परत आला. त्याचा टीव्ही लागत नव्हता. दुसऱ्याचा लागत होता, पण आवाज वाढवला की शेजाऱ्याचा पंखा सुरू होत होता, असं त्याचं म्हणणं. ते मी तपासलेलं नाही. सहापर्यंत अंगणात नऊ माणसं हातात रिमोट घेऊन उभी होती. तेरा दिवस टीव्ही नव्हता, आता एक संध्याकाळही थांबायची कुणाची तयारी नव्हती.

काकांनी मोकळी पिशवी उचलली आणि ओट्यावर बसलेल्या आप्पांपुढे धरली.

“आप्पा, ही घ्या तुमची कोत. माझ्या बाच्यानं हुनार न्हाई.”

“दिलेली वस्तू...”

“आवं दिलेली कसली! मी डिपाझिट ठेवून घेतली हुती. डायरी काढा आदी.”

आप्पांनी डायरी काढली. नऊही माणसांना त्यांनी रांगेत उभं केलं, एकेकाचा नंबर वाचला आणि वीस मिनिटांत ज्याचा रिमोट त्याच्या हातात गेला. शेवटी काकांचा उरला. तो देताना आप्पा थोडे थांबले.

“त्या दिशी बारा चेंडू बघू द्यायला पायजे हुतं,” ते म्हणाले.

“न्हाई,” काका म्हणाले. “बघू दिलं असतं तर आज कोत कोण घेतं तुमच्याकडनं?”

पुढचं थोडक्यात. बहिणीने सांगलीहून फोनवर सांगत सांगत आईचं वेगळं खातं उघडून दिलं. जुने शेरे एका नावावरून दुसऱ्या नावावर नेता येतात का, हे तिने खूप शोधलं. येत नाहीत. ते आप्पांच्या नावावरच राहिले. बोर्डावर आता दहाजण आहेत. नव्या खात्यामुळे आईची एक सोय मात्र गेली. पुढच्या सुतकात टॅबही पिशवीत जमा होणार असं आप्पांनी जाहीर केलं आहे. त्यासाठी त्याच्या पाठीवर पट्टी चिकटवून नंबरही टाकला आहे: एक.

तेराव्यानंतरच्या रविवारी आई आणि थोरली सून यांनी भाग बेचाळीस एकत्र पाहिला, आई साताऱ्यात आणि ती गावी, फोन कानाला लावून. साक्षीदाराच्या बायकोला बोलावलं होतं. आईचा स्वतःच्या नावावरचा पहिला शेरा त्या संध्याकाळी पडला: ‘बोलावलं एकदाचं. बोलली बी. पर मागनं बाजा कशाला वाजवत्यात? तिचं ऐकू येऊ द्या की.’ थोड्या वेळाने त्याच भागावर आप्पांची नोंद आली. ती त्यांची स्वतःची होती, यात शंका घ्यायला जागा नव्हती: ‘भाग ४२. वेळ पाऊण तास. सर्व हजर.’ काकांनी त्या नोंदीला पाच फिती दिल्या.

माझं एक काम उरलं होतं. छापलेली चूक छापूनच दुरुस्त करायची असते. पुढच्या रविवारी पुरवणीत तळाला दोन ओळींचा खुलासा दिला: ‘एका माजी हवालदाराच्या नजरेतून या मथळ्याखाली प्रसिद्ध झालेले शेरे संबंधित हवालदारांचे नसून त्यांच्या पत्नीचे आहेत. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’

सकाळी पेपर खाली नेऊन दिला. आप्पांनी चष्मा लावून खुलासा दोनदा वाचला आणि म्हणाले, “दुसऱ्या ओळीत हवालदाराच्या आदी ‘माजी’ ऱ्हायलंय.” मग पेपर आईकडे गेला. तिने हात पुसले, पेपर घेतला, ओळीवर बोट ठेवून वाचला आणि घडी घालून परत दिला.

“त्यांच्या पत्नीचे,” ती म्हणाली. “म्हंजी फीत परत त्यांचीच.”

खुलाशाचा खुलासा छापायची पद्धत आमच्याकडे नाही. म्हणून तो इथे लिहिला.